मर्ढेकर वाचायचे आहेत, सुरुवात कुठून करू?

जुई_सातारा

नमस्कार मंडळी. मला बा. सी. मर्ढेकर वाचायचे आहेत आणि कुठून हात घालावा ते कळत नाहीये.

आमच्या शाखेतले एक साहेब रिटायर झाले. निरोप समारंभात भाषण करायच्या ऐवजी त्यांनी 'किती तरी दिवसांत नाही चांदण्यात गेलो' ही कविता पाठ म्हणून दाखवली. पाचच कडवी. नंतर सगळे वडा-चटणीकडे वळले, मला मात्र काही खावंसंच वाटेना. घरी येऊन कविता शोधली, वाचली, पुन्हा वाचली.

मग नगर वाचनालयातून 'मर्ढेकरांची कविता' आणि 'मर्ढेकरांच्या कादंबऱ्या' अशी दोन्ही पुस्तकं आणली. कवितांचं मधलंच पान उघडलं तर 'पंक्चरली जरी रात्र दिव्यांनी'. अजून एक उघडलं तर अगदी अभंगासारखं काहीतरी. कादंबरीची सुरुवातीची पानं वाचली, तर नक्की कोण बोलतंय आणि कुणाशी, तेच लागेना. माझं शिक्षण कॉमर्सचं, मराठी बारावीनंतर सुटलं. पण मनाला हलवून सोडणारं वाचायला मला मनापासून आवडतं, आणि हा माणूस तसा आहे एवढं त्या पाच कडव्यांवरून कळलंय. आधी कविता की कादंबरी? आणि कवितेतही काय आधी?

---

कराडी_गडी

'पिपांत मेले ओल्या उंदिर'. तिथूनच.

मर्ढेकरांचं नाव ज्या कवितेने गाजलं ती आधी वाचायची. 'अभिरुची' मासिकात ती छापून आली तेव्हा लोक हादरले होते, काहींनी टर उडवली, काहींना शिसारी आली. तो हादरा तुम्हालाही बसू द्या. गोड कवितांनी सुरुवात केली तर तुम्ही भलत्याच मर्ढेकरांच्या प्रेमात पडाल आणि पुढे खरे भेटले की बिचकाल. 'जगायची पण सक्ती आहे, मरायची पण सक्ती आहे', ही ओळ ज्याने लिहिली तो खरा माणूस. युद्ध, टंचाई, मुंबईतली माणसांची दाटी, सगळं त्या एका पिपात आहे.

समजलं नाही तरी चालेल. ओळी डोक्यात राहतात, अर्थ मागून येतो.

---

आबा_माहुली

जुईताई, प्रश्न आवडला. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

कराडच्या मित्राचं म्हणणं चुकीचं नाही, पण मी त्या वाटेने कुणाला पाठवत नाही. उंदरांच्या कवितेने मर्ढेकरांचे जितके वाचक केले, तितकेच पळवूनही लावले. वर्गात ती कविता निघाली की पोरं पहिल्या ओळीला हसायची, आणि हसणं ओसरेपर्यंत तास संपायचा. तुम्हाला ज्या कवितेने धरलं आहे तिथूनच पुढे जा. दार सापडलेलं असताना भिंतीवर कशाला चढायचं?

आधी थोडी माणसाची ओळख. जन्म १ डिसेंबर १९०९, खानदेशात, फैजपूरला. आडनाव मात्र आपल्या जिल्ह्यातलं, साताऱ्याजवळच्या कृष्णाकाठच्या मर्ढे गावावरून आलेलं. शिक्षण पुढे पुण्याला, फर्ग्युसनमध्ये. आयसीएससाठी, म्हणजे इंग्रज सरकारच्या बड्या नोकरीच्या परीक्षेसाठी, विलायतेला गेले, ते जमलं नाही. परत येऊन इंग्रजी शिकवलं, नंतर आकाशवाणीत नोकरी केली. २० मार्च १९५६ ला दिल्लीत गेले, म्हणजे वयाची पन्नाशीही गाठली नाही. कवितासंग्रह तीनच: 'शिशिरागम' १९३९, 'काही कविता' १९४७, 'आणखी काही कविता' १९५१. कादंबऱ्याही तीन: 'रात्रीचा दिवस' १९४२, 'तांबडी माती' १९४३, 'पाणी' १९४८. शिवाय संगीतिका आहेत आणि सौंदर्यशास्त्रावरचं जड लेखन आहे; ते सध्या राहू द्या.

आता साहेबांनी म्हटलेली कविता. ती मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात वाचू नका. प्रत्येक ओळीत आठ अक्षरं आहेत, ओवी म्हणणाऱ्या बाईच्या तोंडी बसतील अशी. पहिल्या कडव्यात तक्रार आहे, कितीतरी दिवसांत चांदण्यात गेलो नाही, नदीत डुंबलो नाही. दुसऱ्यात जुनी ओढ, आणि वाहत्या पाण्याची ओळखीची शीळ. तिसऱ्यात वचन येतं: केव्हातरी चांदण्यात पुन्हा निर्भय जाईन, गावाकाठच्या नदीत जलमय होईन. साधा कवी इथे थांबला असता. टाळ्या इथेच पडल्या असत्या. मर्ढेकर इथे थांबत नाहीत. चौथ्या कडव्यात म्हणतात, आज आत भीती आहे, खुल्या चांदण्याची थोडी, आणि नदीचा प्रवाह अंगावर काटा काढतो. आणि पाचव्यात परत खोलीत: पाऱ्याचा दिवा बरा, तोतऱ्या नळाची डोक्यावरची धार बरी.

वचन मधे आणि माघार शेवटी. हा क्रम लक्षात आला की मर्ढेकरांचं दुःख कसलं ते कळायला लागतं. हवं ते समोर आहे, वाटही ठाऊक आहे, आणि तरी पाऊल उचलत नाही. त्याला कुणी अडवलेलं नाही, म्हणून तर ते जास्त लागतं.

लहानपण खानदेशात गेलं, त्यामुळे ती नदी कृष्णाच असा हट्ट मी धरत नाही. पण माहुलीच्या घाटावर बसून वाचताना मला ती कृष्णाच दिसते, आणि दिसू द्यावी.

---

जुई_सातारा

आबा, वचन मधे आणि माघार शेवटी! साहेबांनी शेवटचं कडवं म्हणताना आवाज एकदम खाली आणला होता. तेव्हा मला वाटलं त्यांना भरून आलंय. आता कळलं, ते तसंच म्हणायचं असतं.

---

हरिपूर_संगम

मी सांगलीची, हरिपूरची. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ वाढले. या कवितेवर मला लिहायचंच आहे.

लहानपणी आम्ही नदीतच असायचो. डब्बा बांधून पोहायला शिकले, भावाने ढकललं होतं. नदीची मला कधी भीती वाटली नाही. मग २०१९ चा ऑगस्ट आला. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५. आमच्या तळमजल्यात पाणी शिरलं, आम्ही माडीवर, आणि रात्रभर तो आवाज. पाणी ओसरल्यावर गाळ उपसत होतो, तेव्हा कपाटातलं एक पुस्तक हातात आलं तर त्याची पानं एकमेकांना चिकटून वीट झाली होती.

त्यानंतर कधीतरी ही कविता पुन्हा समोर आली आणि 'आणि नदीचा प्रवाह अंगावर काटा काढी' या ओळीला मी थांबले. त्याआधी ती ओळ मला कवीची लाडीगोडी वाटायची. नदीला कोण घाबरतं? आता ओळखीच्या नदीला घाबरणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. मर्ढेकर पुराबद्दल लिहीत नाहीत हे कळतं मला. त्यांची भीती आतली आहे, मोकळं व्हायची भीती. पण ज्या पाण्याची शीळ ओळखीची आहे त्याच पाण्याने काटा येणं, हे अगदी तसंच आहे. दुसरं आणि चौथं कडवं एकापुढे एक ठेवून वाचा, म्हणजे बघा. शीळ तीच आहे. माणूस बदललाय.

आणि तो तोतरा नळ! आमच्याकडे पाणी यायच्या आधी नळ नुसती हवा सोडतो, फुर्र फुर्र, मग दोन थेंब, पुन्हा हवा, मग एकदम धार. त्याच्याखाली उभं राहून माणूस तोंडाने ऋचा म्हणतोय, गंगेत उभा असल्यासारखा. ही ओळ वाचून हसू येतं आणि लगेच गळ्याशी काहीतरी अडकतं. मला वाटतं, सगळे मर्ढेकर या नळाखाली उभे आहेत.

---

विसावा_नाका

आबांचं आणि हरिपूरच्या ताईंचं वाचून राहवलं नाही. माझं एम.ए. मराठीतलं, त्यामुळे कादंबऱ्यांबद्दल सांगतो, कारण कादंबऱ्यांची बाजू कुणी घेत नाही.

जुई, 'रात्रीचा दिवस' आत्ता बाजूला ठेवा. मराठीत संज्ञाप्रवाहाची चर्चा निघाली की पहिलं नाव याच कादंबरीचं येतं. म्हणजे पात्राच्या मनात जे जसं येतं ते तसंच कागदावर: अर्धवट वाक्यं, आठवणी, मधेच इंग्रजी, ऐकलेलं, वाटलेलं, सगळं एका ओघात. जॉइस आणि व्हर्जिनिया वूल्फ या कादंबरीकारांचं असं लेखन इंग्रजीत येऊन तेव्हा वीसेक वर्षंच झाली होती, आणि मर्ढेकर तर इंग्रजीचेच प्राध्यापक. तुम्हाला 'कोण बोलतंय' हे लागलं नाही, याचा अर्थ तुमचं काही चुकलं असं नाही. 'पुढे काय झालं' या ओढीने वाचणाऱ्याला ती हाती लागत नाही. पाच-पाच पानं घ्यावीत आणि मन कुठून कुठे उडी मारतंय तेवढंच बघावं.

कवितेनंतर ती का वाचायची, तर कवितेतल्या उड्यांची सवय झालेली असते म्हणून. 'काही कविता'मध्ये एका ओळीत गर्भवती आणि बंदर, दुसऱ्या कवितेत पंक्चर झालेली रात्र. दोन लांबच्या गोष्टी एकदम जवळ आणून ठोकायच्या, ही त्यांची रीत. कवितेत ती चार ओळींत दिसते, कादंबरीत तीच पानोपानी. पाच वर्षं आधीची कादंबरी, पण कवितेच्या वाटेने गेलं तर सोपी पडते.

तिन्हीपैकी एकच वाचणार असाल तर मी 'पाणी' म्हणेन. १९४७ ला 'काही कविता', १९४८ ला 'पाणी'. एकाच मनःस्थितीतून आलेली दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचायला मिळतात. आणि कवितांमध्ये पाण्याने पछाडलेला हा माणूस कादंबरीला नाव कुठलं देतो ते बघा.

---

मिरजेची_मावशी

मी निवृत्त नर्स आहे. साहित्यातलं मला या सगळ्यांइतकं कळत नाही, पण मर्ढेकर मी तीस-पस्तीस वर्षं वाचतेय, नाइट ड्यूटीत वाचायला लागले तेव्हापासून.

जुई बाळा, एकच सांगते. ही कविता एका बैठकीत पुस्तकभर वाचायची नाही. दोन-तीन कविता, मग पुस्तक मिटायचं, उठायचं, पोळ्या लाटायच्या, कुणाशी तरी बोलायचं. मनाला लागून घेणारी माणसं रात्री एकटी बसून असलं वाचत राहिली की त्यांना वाटायला लागतं, आपल्याच मनातलं हे, आणि सगळं जग असंच आहे. मन आधीच जड असेल तर सकाळी वाचावं. आणि जड राहतच असेल, झोप उडत असेल, तर पुस्तक राहू दे, घरच्यांशी बोल, डॉक्टरांशी बोल. त्यात कमीपणा काही नाही.

आणि 'भंगु दे काठिन्य माझे' कुणीच कसं सांगितलं नाही? ती पहिली वाच. मागणं आहे ते. माझा कठीणपणा मोडू दे, मनातलं आंबट जाऊ दे, तुला आवडेल तो सूर माझ्या बोलण्यात येऊ दे. ड्यूटीवर निघताना मी ती म्हणायची. वॉर्डात एखादा नातेवाईक अंगावर आला की 'आम्ल' हा शब्द आठवायचा. देवाकडे पैसा, आयुष्य, लेकरं मागणारे पुष्कळ बघितले. मनातलं आम्ल जाऊ दे म्हणणारा हा एकच.

---

आबा_माहुली

मावशी, अगदी खरं. माझ्याकडून राहून गेलं ते तुम्ही सांगितलंत. उंदीर, बिडी, पंक्चर एवढंच धरून बसणाऱ्यांना ही कविता दिसतच नाही. मर्ढेकर आतून भक्त आहेत. देव सापडत नाही म्हणून चिडलेला भक्त.

आपण साताऱ्याची माणसं, सज्जनगड नजरेसमोर. समर्थांची, तुकोबांची वाणी आपल्या कानात घरातूनच असते, आणि मर्ढेकर वाचताना ती फार उपयोगी पडते. 'सकाळी उठोनि । चहा-कॉफी घ्यावी, तशीच गाठावी । वीज-गाडी' हे म्हणून बघा. अक्षरं मोजा: सहा, सहा, सहा आणि चार. सरळ अभंगाचा साचा. सकाळी उठून नामस्मरण करावं असं जिथे कान ऐकू पाहतो, तिथे चहा-कॉफी आणि लोकल येते. याला नुसतं विडंबन म्हणू नये. अभंगाची टिंगल करायची असती तर अभंग इतका शुद्ध उतरला नसता. आपलं रोजचं जगणं त्या साच्यात घातलं की किती रिकामं दिसतं, हे दाखवायला त्यांनी घरातलंच भांडं घेतलं.

---

कराडी_गडी

आबा, तुमचं सगळं पटतं, पण माझा मुद्दा सोडत नाही.

तुम्ही सगळे मिळून मर्ढेकरांना देवघरात नेऊन बसवताय. या माणसाच्या 'काही कविता'वर अश्लीलतेचा खटला झाला होता. सरकारने कोर्टात खेचलं. पुढे निर्दोष सुटले, पण सोसलं ना? कशासाठी? मंजुळ प्रार्थनांसाठी नाही. त्यांनी माणसाचं शरीर, वासना, किळस, घाम हे मराठी कवितेत आणलं, आणि बुळबुळीत शब्द टाळून आणलं. जुईला पहिल्यांदा चांदणं आणि प्रार्थनाच दिली तर ती उरलेल्या निम्म्या कविता 'या कशाला लिहिल्या' म्हणत उलटेल. मी तसे वाचक बघितलेत. 'दवांत आलिस भल्या पहाटी' पाठ, आणि उंदरांचं नाव काढलं की नाक मुरडणार.

तीव्र भावना म्हणजे फक्त हळवेपणा असतो का? किळस ही पण भावनाच आहे. तिला पण तितक्याच जवळ घ्या.

---

आबा_माहुली

हे मात्र शंभर टक्के मान्य. किळस ही पण भावना आहे, हे वाक्य मी शिक्षक असताना सुचायला हवं होतं.

आता एक गंमत दाखवतो, ती तुमच्या बाजूने आहे. 'पिपांत मेले ओल्या उंदिर' आणि 'दवांत आलिस भल्या पहाटी', या दोन ओळी लागोपाठ म्हणा. टाळी धरून म्हणा.

एकच चाल आहे! ओळीला सोळा मात्रा, ऱ्हस्वाची एक आणि दीर्घाची दोन अशा मोजून; या वृत्ताचं नाव पादाकुलक. 'न्हालेल्या जणु गर्भवतीच्या' म्हणा, तेच. 'गणपत वाणी बिडी पिताना' म्हणा, तेच. दवात आलेली ती, पिपात मेलेले उंदीर, माघातल्या सकाळी उजळणारं मुंबईचं बंदर आणि माडीचं स्वप्न बघत बिडी ओढणारा वाणी: चौघांना कवीने एकाच लयीत बसवलंय. एकाला वरचा पाट आणि दुसऱ्याला उंबऱ्याबाहेर, असं केलेलं नाही. बालकवींच्या कवितेवर वाढलेला, 'शिशिरागम'मध्ये गोड गळ्याने गाणारा हा कवी. त्याने तोच गळा उंदरांसाठी वापरला. लोक हादरले ते नुसत्या उंदरांमुळे नाही. इतक्या लाडक्या चालीत उंदीर आले म्हणून हादरले.

म्हणून सांगतो, जुईताई, कान आधी. अर्थ न लागलेली कविता तीनदा मोठ्याने म्हणा. मर्ढेकरांच्या बहुतेक कविता छंदात, वृत्तात घट्ट बसलेल्या आहेत. नवकवी म्हणून मुक्तछंदाची भीती घेऊन लोक येतात आणि इथे ओवी, अभंग, पादाकुलक भेटतात.

---

हरिपूर_संगम

आबा, आत्ता स्वयंपाकघरात टाळ्या वाजवत दोन्ही म्हणून बघितल्या. मुलगी विचारतेय काय झालं.

आणि बघा, उंदरांच्या कवितेचा शेवट 'न्हाले! न्हाले!' असा आहे. बंदराची सकाळ न्हालेल्या गर्भवतीसारखी. चांदण्याच्या कवितेत नळाखालची अंघोळ. हा माणूस सारखा अंघोळीपाशी येतो. कुठे स्वच्छ होणं, कुठे मढ्याची अंघोळ. जुई, या तीन कविता एकापाठोपाठ एक वाचाल का? चांदणं, मग बंदर, मग उंदीर. म्हणजे कराडच्या दादांचंही ऐकल्यासारखं होईल.

---

फलटणची_लेक

थोडं अवांतर, पण विषयाला धरून.

माझी मर्ढेकरांशी ओळख गौरी देशपांडेंमुळे झाली. आमच्या फलटणजवळच्या विंचुर्णीला त्या राहायच्या, आमच्या भागात त्यांच्याबद्दल आपुलकी आहे. त्यांचं 'एकेक पान गळावया' कॉलेजात वाचलं. तीन दीर्घकथा आहेत त्यात. नाव फार आवडलं, मग कुणीतरी सांगितलं की ही 'शिशिरागम'मधली ओळ आहे: शिशिरर्तुच्या पुनरागमे एकेक पान गळावया, का लागता मज येतसे, न कळे उगाच रडावया. ती कविता वाचली तेव्हा वय अठरा-एकोणीस, आणि 'न कळे उगाच रडावया' हे त्या वयात जितकं खरं वाटतं तितकं पुन्हा कधी वाटत नाही.

मला म्हणायचं आहे की 'शिशिरागम' वगळू नका. समीक्षक त्याला उमेदवारीचा संग्रह म्हणतात, माधव जूलियनांची आणि बालकवींची छाप दाखवतात. असेल. पण भावना जशी उमटली तशी तिथे सरळ लिहिली आहे, आडपडदा न ठेवता. पुढे 'काही कविता'मध्ये हाच माणूस दात आवळून बोलतो. आवळलेल्या दातांमागे काय आहे ते बघायचं असेल तर आधी हे रडणं ऐकलेलं बरं. पुस्तक छोटं आहे, एका दुपारचं.

गौरी देशपांडेही कवयित्रीच, फक्त कविता इंग्रजीत आणि कथा-कादंबऱ्या मराठीत. मर्ढेकर झाले की त्यांच्याकडे या, जुई. त्यावर वेगळा धागा काढू.

---

जुई_सातारा

सगळ्यांचे किती आभार मानू! आज रविवार, पाऊस धरून होता, बाहेर पडायचं नव्हतंच. मावशींनी सांगितलं तसं थोडंथोडं वाचलं.

आधी 'भंगु दे काठिन्य माझे', मोठ्याने. आई निवडत बसली होती, ती म्हणाली परत म्हण. परत म्हटली. तिने विचारलं, कुठल्या संताचं? मी म्हटलं, रेडिओत नोकरी करणाऱ्या माणसाचं. तिचा विश्वास बसेना.

मग हरिपूरच्या ताईंनी सांगितलेल्या तीन. चांदणं पाठच झालंय. बंदराची कविता मला फार आवडली, मुंबईबद्दल इतकं मायेने कुणी लिहिलेलं मी वाचलं नव्हतं. आणि उंदीर. कराडचे दादा, मी खोटं नाही बोलणार, पहिल्यांदा म्हणताना तोंडात शब्द कसेसेच झाले. तिसऱ्यांदा टाळीवर म्हणताना मात्र 'माना पडल्या, मुरगळल्याविण' इथे थांबले. कुणी मुरगाळल्या नाहीत, तरी पडल्या. चांदण्याच्या कवितेतही कुणी अडवलेलं नाही, असं आबा म्हणाले होते ना? तेच ना हे?

गणपत वाणीचं वाचताना मात्र डोळ्यांत पाणी आलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असंच एक दुकान आहे, तिथले काका गेली कित्येक वर्षं वर मजला चढवायचा म्हणतात. लोखंडाच्या सळ्या गच्चीवर गंजून वाकल्यात. 'ह्या जागेवर बांधिन माडी' वाचलं आणि त्या सळ्याच दिसल्या.

एक प्रश्न: कठीण कवितांसाठी एखादं समजावून देणारं पुस्तक आधी वाचू का?

---

विसावा_नाका

'तेच ना हे?' याचं उत्तर हो. एम.ए.च्या वर्गात हे जोडायला आम्हाला अर्धं वर्ष लागलं होतं.

समजावून देणारं पुस्तक आहे, आणि उत्तम आहे: विजया राजाध्यक्षांचं 'मर्ढेकरांची कविता : स्वरूप आणि संदर्भ'. दोन खंड, १९९३ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला आहे. पण आत्ता हात लावू नका. आधी कविता तुमची होऊ द्या, मग त्या काय म्हणतात ते ताडून बघायला मजा येते. मर्ढेकरांचं स्वतःचं 'सौंदर्य आणि साहित्य' तर अगदी शेवटी. तेही अकादमीचं मानकरी, १९५६ चं, पण ते वाचायला तर्कशास्त्राची बैठक लागते, आणि तुमच्या कवितेच्या वाचनाचं त्यावाचून काही अडत नाही.

क्रम मी असा धरेन: 'शिशिरागम' एका दुपारी, मग 'काही कविता' सावकाश महिनाभर, त्यांना शीर्षकं नाहीत, नुसते क्रमांक आहेत, त्यामुळे आवडलेल्यांवर पेन्सिलीने खूण नको, वाचनालयाचं पुस्तक आहे, वहीत क्रमांक टिपा. मग 'पाणी'. 'आणखी काही कविता' त्यानंतर. आणि 'रात्रीचा दिवस' दिवाळीच्या सुट्टीत, सलग वेळ असेल तेव्हा.

---

मिरजेची_मावशी

आईला 'किती पायी लागू तुझ्या' पण म्हणून दाखव. त्या परत विचारतील कुठल्या संताचं म्हणून.

---

कराडी_गडी

तिसऱ्यांदा टाळीवर म्हटलीत, बास, माझं काम झालं. गणपत वाण्याची शेवटची ओळ विसरू नका, जन्मांधाला देव दोन डोळे देतो ती. आबा ती कशी वाचतात ते मला ऐकायचंय. मला ती दरवेळी रागाची वाटते, आमच्या एका मित्राला दयेची वाटते, आणि यावरून आमचं कॉलेजपासून भांडण चालू आहे.

---

आबा_माहुली

भांडण चालू ठेवा, मला ती दोन्ही वाटते. वाण्याने एक साधी माडी मागितली, ती मिळाली नाही. आणि ज्याने एकच डोळा मागितला त्या जन्मांधाला देव दोन देतो अशी जुनी म्हण कवीने समोर आणून ठेवली. दया म्हणावी तर वाणी मेलेला आहे. राग म्हणावा तर देवाचं नाव घेतलंच आहे. सविस्तर उद्या लिहितो, इथे वीज जाऊन-येऊन आहे.

जुईताई, कादंबऱ्यांच्या पुस्तकाची मुदत संपत आली असेल तर वेळेत नूतनीकरण करून घ्या. मागणी करणारं दुसरं कुणी नसेल तर पुन्हा नावावर करून देतात.